जुना नकाशा मिळवायचा कसा आणि पुस्तकात छापायचा कसा

गावाचा इतिहास छापायला घेतलेली मंडळी माझ्याकडे येतात, तेव्हा मजकूर तयार असतो, फोटो जमवलेले असतात आणि नकाशासाठी एक पान कोरं सोडलेलं असतं. ‘सरकारी नकाशा आहे, छापला तर भानगड होईल’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. काहींच्या पुस्तकात याच्या उलट प्रकार दिसतो. इंटरनेटवरून उचललेलं, मधोमध वॉटरमार्क असलेलं धूसर चित्र तिथं डकवलेलं असतं. दोन्ही पाहून मला वाईट वाटतं. मी भूमी अभिलेख खात्यात अनुरेखक होतो, ट्रेसिंग क्लॉथवर बांधांच्या रेषा ओढण्यात माझी नोकरी गेली. जुना नकाशा हा गावाच्या मालकीचा ठेवा आहे आणि बहुतेक वेळा तो छापायला कायद्याची काहीही आडकाठी नसते, हे मला ठामपणे सांगायचं आहे. फक्त कोणता कागद कुणाचा आणि कधीचा, हे नीट पाहावं लागतं.

उदाहरणाला इंदापूर तालुक्यातलं पळसदेव घेतो. जुनं पळसदेव उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं, आणि आता पाणी ओसरलं की पळसनाथाचं मंदिर वर येतं. बाकी गाव कुठं होतं, नदीकडे वाट कोणत्या अंगानं उतरत होती, हे बघायचं तर धरणाच्या आधीचा नकाशाच हवा. शिवाय मुंबई इलाख्यातली जमीन मोजणीची पद्धत बसली ती याच तालुक्यात, १८३५-३६ साली, गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातून. त्यामुळे इथले कागद शोधताना मला नेहमीच जास्त उत्साह येतो.

आधी ठरवा, हवंय काय

‘जुना नकाशा द्या’ असा अर्ज केला तर हाती काहीच लागत नाही. नकाशांच्या जाती वेगळ्या आणि त्यांची घरंही वेगळी.

गाव नकाशा म्हणजे शिवाराचा नकाशा. आपल्याकडची जुनी मोजणी ३३ फुटी साखळीची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. असे ४० झाले की एकर. बऱ्याच जुन्या गाव नकाशांचं प्रमाण एका इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, असतं. त्यावर सर्व्हे नंबर, ओढे, गाडीवाटा, विहिरी, शेजारच्या गावांच्या हद्दी आणि तिवढ्याचे, म्हणजे तीन गावांच्या हद्दी मिळतात तिथले, दगड मिळतात. गावठाण मात्र नुसतं बाह्यरेषेनं दाखवलेलं असतं, आत घरं नसतात. गल्ल्या आणि वाडे पाहायचे असतील तर गावठाणाची मोजणी वेगळी झाली होती का, हे विचारावं लागतं. हा सगळा माल तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात असतो. अर्जात गाव, तालुका, सर्व्हे नंबर आणि ‘जुन्या मोजणीचा गाव नकाशा, नक्कल’ असं स्पष्ट लिहा. ‘मूळ मोजणी’ आणि ‘फेरमोजणी’ यांतला कोणता, हेही लिहा. नाहीतर समोर असेल तो गट नकाशा मिळतो आणि त्यात जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचे, तुकडे जोडून केलेले गट असतात, जुने सर्व्हे नंबर नसतात.

टोपोशीट म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचं, केंद्र सरकारच्या नकाशा खात्याचं, पत्रक. एक इंच म्हणजे एक मैल या जुन्या पत्रकांवर देवळं, डोंगराचे आकार, पायवाटा, वाड्या-वस्त्या असं सगळं दिसतं. पाव इंची पत्रकावर, म्हणजे इंचाला चार मैल, गावाचं नाव आणि मोठा रस्ता एवढंच. पुस्तकात तालुक्याचा परिसर दाखवायला पाव इंची छान, गाव दाखवायला एक इंचीच हवं.

पत्रकाचा क्रमांक स्वतः काढता येतो आणि तो काढलाच पाहिजे, कारण कोणत्याही दप्तरात नावापेक्षा क्रमांकानं लवकर सापडतं. ४७ क्रमांकाचा मोठा चौकोन १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश एवढा आहे. त्याचे एकेका अंशाचे १६ भाग, ए पासून पी पर्यंत. डावीकडच्या रांगेत वरून खाली उतरायचं, मग पुढची रांग. त्या प्रत्येक भागाचे पुन्हा त्याच क्रमानं १ ते १६ तुकडे, पंधरा-पंधरा मिनिटांचे. पुणे शहर साडेअठरा अंशांच्या जरा वर, ७३ अंश ५१ मिनिटांवर. म्हणजे ४७ एफ, आणि त्यातलं १४ वं. ४७ एफ/१४ म्हटलं की जाणकार माणूस लगेच कपाटाकडे वळतो. पळसदेव ४७ जे मध्ये येतं.

शोधायचं कुठं

ऑनलाइन सुरुवात ‘ओल्ड मॅप्स ऑनलाइन’वरून करा. तिथं आजच्या नकाशावर आपल्या गावापाशी गेलं की जगभरच्या ग्रंथालयांतले त्या जागेचे जुने नकाशे बाजूला दिसतात. डेव्हिड रम्सी संग्रह स्टॅनफर्ड विद्यापीठाशी जोडलेला आहे; रेनेलच्या हिंदुस्थानच्या नकाशासारखे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले नकाशे तिथं इतक्या बारकाईनं पाहता येतात की खोदकामाची रेघन्‌रेघ दिसते. टेक्सस विद्यापीठाच्या पेरी-कास्तान्येदा ग्रंथालयाच्या साइटवर अमेरिकेच्या आर्मी मॅप सर्व्हिसनं १९५०च्या दशकात काढलेली भारताची अडीच लाखांच्या प्रमाणातली मालिका आहे, यू५०२ नावाची. ती उजनी, कोयना यांच्या आधीची असल्यानं धरणाखाली गेलेल्या गावांसाठी फार उपयोगाची. आपला बहुतेक पश्चिम महाराष्ट्र त्यात एनई ४३ या गटात सापडतो. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत इम्पिरिअल गॅझेटिअरचा अॅटलास आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथ संजीवनी’ ही दोन्ही आपली घरची दालनं, तीही चाळा.

शोधताना स्पेलिंग जुनं टाका. पुणे म्हणून काही मिळणार नाही, ‘पूना’ म्हणून मिळेल. ठाण्याला ‘टॅना’, साताऱ्याला ‘सत्तारा’. शेवटी ‘देव’ असलेल्या गावांना ‘देव’ आणि ‘देओ’ अशी दोन्ही रूपं लावून पाहा.

प्रत्यक्ष जायचं तर मुंबईत काळा घोडा इथल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, पुण्यात पेशवे दप्तराचं पुरालेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. मंडळ १९१० सालचं, राजवाड्यांनी उभं केलेलं. मोडीतले हातानं काढलेले नकाशे पाहायचे तर अशाच ठिकाणी विचारावं. गोव्याचे वाचक असतील तर पणजीचं पुराभिलेख खातं आणि लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं डिजिटल दालन. १५९६ साली लिन्सखोटेन या डच प्रवाशाच्या प्रवासग्रंथात छापलेला गोवा शहराचा नकाशा तर अनेक संग्रहांत खुला आहे.

कडा वाचा

नकाशा हाती आला की लोक मधोमध गाव शोधतात. माझी नजर आधी समासाकडे जाते. कायद्याचा सगळा निकाल तिथं लिहिलेला असतो.

सर्व्हेच्या पत्रकावर दोन निरनिराळी वर्षं असतात. एक पाहणीचं, एक प्रकाशनाचं. पाहणी आधीच्या काळातली आणि छपाई कित्येक वर्षांनंतरची, असं सर्रास असतं. कॉपीराइटची मुदत छपाईच्या, म्हणजे प्रथम प्रसिद्धीच्या वर्षावरून मोजतात. गाव नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्याचं नाव आणि वर्ष बारीक अक्षरात असतं. भिंग लावून ते टिपून घ्या. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर मुदत नव्यानं सुरू होत नाही. ‘दुरुस्तीसह’ असेल तर नव्यानं भरलेल्या भागापुरताच प्रश्न उरतो.

समास कापलेली झेरॉक्स किंवा स्कॅन घेऊ नका. नक्कल देणाऱ्याला आधीच सांगा की चारही कडा हव्यात. समास गेला की वर्ष गेलं, आणि मग ‘हा खुला आहे’ हे दाखवायला हातात काही राहत नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नकाशा हा कलाकृतीत, रेखाचित्राच्या पोटात मोडतो. सरकारी नकाशाला कलम २८ लागतं. प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क सरकारचा, मग तो सर्वांचा. १९६० साली छापलेलं पत्रक १ जानेवारी २०२१ पासून खुलं झालं. १९७५ सालचं असेल तर २०३५ सरेपर्यंत थांबायचं किंवा परवानगी काढायची. इंग्रजांच्या काळात छापलेले सगळे सरकारी नकाशे या हिशेबानं कधीच मोकळे झाले आहेत.

खासगी माणसानं काढलेला नकाशा असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. इम्पिरिअल गॅझेटिअरच्या अॅटलासचे नकाशे करणारे जे. जी. बार्थॉलोम्यू १९२० साली वारले, तेव्हा तिथं शंका नको. कर्त्याचं नावच नसेल तर प्रसिद्धीपासून ६० वर्षं.

एक कागद मात्र वेगळा ठेवा: कधीच न छापलेलं हस्तलिखित टिपण, कच्चा नकाशा. प्रसिद्धीच झालेली नसल्यानं वरचं गणित त्याला लावता येत नाही. तो पुस्तकात घ्यायचा तर ज्या कार्यालयात आहे तिथून लेखी परवानगी घ्या आणि ती जपून ठेवा.

मुदत न संपलेल्या नकाशाचाही काही वापर मोकळा आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी, टीका-परीक्षणासाठी कलम ५२ सूट देतं. ना-नफा सार्वजनिक वाचनालयाकडे मूळ प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभाही त्याच कलमात आहे. तालुक्याच्या वाचनालयांनी या तरतुदीचा फायदा जरूर घ्यावा. वाळवी लागलेली कपाटं मी पाहिली आहेत.

स्कॅनवर हक्क कुणाचा

सगळा गोंधळ इथंच होतो. १८८० सालचा नकाशा, त्याचा कुणीतरी परवा काढलेला स्कॅन, आणि खाली ‘सर्व हक्क राखीव’.

डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात निकाल दिला. वाद होता न्यायालयीन निवाड्यांच्या संपादित प्रतींचा. न्यायालय म्हणालं की नुसते कष्ट आणि खर्च केला म्हणून नवा कॉपीराइट मिळत नाही, किमान सर्जनशीलता दिसली पाहिजे. सपाट नकाशा सपाट काचेवर ठेवून जसाच्या तसा उतरवण्यात ती कुठं दिसते? मूळ नकाशापासून तसूभर न हलणं हेच तर चांगल्या स्कॅनचं काम. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अशा स्कॅनवर नवा हक्क उभा राहत नाही. बाहेरही वारं याच दिशेचं आहे. अमेरिकेत १९९९ साली ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानं जुन्या चित्रांच्या हुबेहूब फोटोंना कॉपीराइट नाकारला. युरोपीय संघानं २०१९च्या निर्देशात, कलम १४ मध्ये, मुदत संपलेल्या दृश्यकलाकृतीच्या हुबेहूब प्रतीला नवा हक्क नाही असं लिहूनच टाकलं. ब्रिटनच्या अपील न्यायालयानंही २०२३ साली टीएचजे विरुद्ध शेरिडन खटल्यात सांगितलं की श्रम आणि कौशल्य पुरेसं नाही, कर्त्याची स्वतःची बौद्धिक निर्मिती हवी.

पण जुन्या नकाशावरून कुणी नवा काढला, रंग निवडले, नावं मराठीत लिहिली, टेकड्यांना सावल्या दिल्या, तर ते नवं काम. तो नकाशा त्या माणसाचा. अलीकडच्या पुस्तकातला ‘शिवकालीन मावळ’ असा नकाशा जुना दिसतो म्हणून उचलू नका.

कॉपीराइट आणि करार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. नकाशा खुला असला तरी स्कॅन घेताना तुम्ही ‘एकाच आवृत्तीत वापरीन’ अशा फॉर्मवर सही केली असेल, तर सही तुम्हाला बांधते. एका गावच्या मंडळींनी एका विक्रेत्याकडून १९२०च्या दशकातलं पत्रक विकत घेतलं होतं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्यानं पुन्हा पैसे मागितले, कारण पावतीच्या मागं तशी अट छापलेली होती. तेच पत्रक एका सार्वजनिक संग्रहात फुकट होतं. तिथून नवी प्रत घेतली आणि विक्रेत्याची फाइल बाजूला ठेवली. नकाशा तोच, पण नव्या प्रतीला ती अट चिकटत नाही.

म्हणून सही करण्याआधी वाचा. फॉर्ममध्ये जिथं ‘उपयोग’ विचारतात तिथं ‘ग्रामेतिहासाचं पुस्तक, सर्व आवृत्त्या, प्रदर्शन आणि डिजिटल प्रत’ असं सुरुवातीलाच लिहा. शुल्क घेतलं तर पावतीवर ते कशाचं आहे ते लिहून मागा. स्कॅनिंगचं शुल्क सेवेचं असतं. ते द्यावं, माणसं मेहनत करतात. डेव्हिड रम्सी संग्रहाच्या प्रतिमांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा बिगर-व्यापारी परवाना आहे. शाळेच्या प्रदर्शनाला, फुकट वाटायच्या पुस्तिकेला बेलाशक वापरा आणि श्रेय द्या. विक्रीच्या पुस्तकासाठी त्यांना सरळ विचारा, किंवा तोच नकाशा दुसऱ्या खुल्या संग्रहात पाहा.

सरकारी कार्यालयानं ‘कॉपीराइट आहे’ म्हणून नक्कल नाकारली तर माहिती अधिकाराचं कलम ९ दाखवा. कॉपीराइटच्या कारणावरून नकार देता येतो तो हक्क राज्याखेरीज दुसऱ्या कुणाचा असेल तरच. सरकारच्या स्वतःच्या नकाशाला हे कारण चालत नाही. आवाज न चढवता अर्जात एवढं एक वाक्य लिहिलं की काम पुढं सरकतं.

संपूर्ण भारताचा नकाशा असेल तर

गावाच्या, तालुक्याच्या नकाशाला हे लागू नाही. पण देशाच्या सीमा दिसणारा नकाशा छापणार असाल तर १९६१चा फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियम पाहा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुना नकाशा छापताना त्याचं वर्ष आणि ‘ऐतिहासिक नकाशा’ हे शब्द नकाशाला लागूनच, ठळक अक्षरात द्या. जुन्या रेषा खोडून नव्या ओढण्याचा उद्योग करू नका. आजचा भारत दाखवायचा असेल तर सर्व्हेच्याच साइटवरचा घ्या.

स्कॅन आणि छपाई

कापडावर चिकटवलेला, घडीचा नकाशा फ्लॅटबेड स्कॅनरवर दाबून बसवू नका; घडीवर कागद तुटतो. वरून कॅमेऱ्यानं, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड ठेवून घ्या, आणि शेजारी एक साधी फूटपट्टी ठेवा. सुट्या कागदाला ४०० डीपीआय पुरे, फाइल टिफ. पिवळेपणा घालवायच्या नादात फिकट निळे ओढे उडतात, तेव्हा मूळ फाइल तशीच ठेवून छपाईसाठी वेगळी करा.

पुस्तकाच्या पानात बसवताना नकाशा लहान होतो आणि ‘एक इंच म्हणजे एक मैल’ हे वाक्य खोटं ठरतं. म्हणून नकाशावरची मापपट्टी नकाशासोबतच लहान होईल अशी आत ठेवा.

आजच्या नकाशावर जुना बसवायचा असेल तर क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर आहे. जुळवणीचे बिंदू न हलणारे घ्या: डोंगरमाथ्यावरचं त्रिकोणमितीचं ठाणं, देऊळ, तीन गावांच्या हद्दी मिळतात तो दगड. रस्त्याचा फाटा आणि नदीचं वळण फसवतं. पळसदेवसारख्या ठिकाणी पाण्याबाहेर राहिलेले बिंदूच घ्यावे लागतात. पळसनाथाचं शिखर सॅटेलाइटच्या उन्हाळी चित्रात दिसलं तर तोही एक पक्का बिंदू.

आणि हे बांधाच्या भांडणासाठी वापरू नका. हद्दीच्या वादात पुस्तकातला नकाशा कामाचा नाही. तिथं मोजणीचा अर्ज आणि प्रमाणित नक्कलच लागते.

नकाशाखाली ओळ द्यावी ती अशी: ‘सर्व्हे ऑफ इंडिया, पत्रक ४७ एफ/१४, एक इंच = एक मैल, प्रकाशन वर्ष अमुक. मूळ प्रत अमुक संग्रहात. कॉपीराइटची मुदत संपलेला नकाशा.’ श्रेय कायद्यानं मागितलं नसलं तरी संग्रहाचं नाव द्याच. ज्यांनी कागद शंभर वर्षं सांभाळला त्यांचा तो मान आहे, आणि पुढच्या शोधणाऱ्याला पत्ताही मिळतो.

खुल्या नकाशाची तुमची पूर्ण फाइल, समासासकट, विकिमीडिया कॉमन्सवर चढवा. फाइलच्या नावात गाव, पत्रक क्रमांक आणि वर्ष घाला. एक प्रत पेनड्राइव्हवर गावच्या शाळेत आणि एक तालुक्याच्या वाचनालयात, परवानगीच्या पत्रांच्या आणि पावत्यांच्या झेरॉक्ससह ठेवा. छापखान्यातून प्रूफ आलं की मापपट्टीवर फूटपट्टी ठेवून तिचे भाग सारखे आलेत का पाहा, खालची वर्षाची ओळ वाचता येते का पाहा, आणि मगच सही करा.